धनी कीं विश्वस्त?

नीतीचा विचार करणारे लोक बहुधा दोन माणसांमधील व्यवहारापासून आरंभ करितात. एकानें दुसऱ्याचें घेतलें, एकानें दुसऱ्यास फसविलें, एकानें दिलेला शब्द मोडला, अशा प्रसंगीं दोष कोणाचा हें ठरविणें फारसें अवघड नसतें. घेणारा डोळ्यांपुढें असतो, ज्याचें गेलें तो तक्रार करूं शकतो, आणि निवाडा करणारा तिसरा कोणी तरी मिळतो. परंतु जेथें घेणारें एक अवघें शहर आहे, घेणें कायद्यास धरून आहे, घेण्याचा हेतु निंद्य नाहीं, आणि ज्याचें गेलें त्यास वाचाच नाहीं, तेथें अपराध घडला कीं नाहीं हें कसें ठरवावयाचें? आणि घडला असल्यास त्याचा भार कोणीं वाहावयाचा?

हा प्रश्न केवळ तर्काच्या करमणुकीसाठीं काढलेला आहे असें वाचकांनीं समजूं नये. अमेरिकेंतील कॅलिफोर्निया राज्यांत एका खाऱ्या सरोवराच्या बाबतींत तो प्रत्यक्ष उपस्थित झाला, न्यायासनापुढें गेला, आणि त्यास मिळालेल्या उत्तराचा प्रतिध्वनि आपल्या देशाच्या सर्वोच्च न्यायालयांतहि उमटला. म्हणून त्या सरोवराची हकीकत थोड्या विस्तारानें सांगून मग तींतून निघणाऱ्या नीतिप्रश्नाकडे वळण्याचें आम्हीं योजिलें आहे.

या सरोवराचें नांव मोनो. सिएरा नेवाडा पर्वताच्या पूर्व पायथ्याशीं, समुद्रसपाटीपासून सहा हजार फुटांहून अधिक उंचीवर, एका रुक्ष प्रदेशांत तें पसरलेलें आहे. पर्वतावरचें बर्फ वितळून वाहणारे ओढे त्यास येऊन मिळतात. पण त्यांतून बाहेर पडणारी एकहि नदी नाहीं. आलेलें पाणी वाफ होऊन जातें आणि त्याबरोबर आलेले क्षार मागें राहतात. लाखों वर्षें हा क्रम चालल्यामुळें मोनोचें पाणी समुद्राच्या दुपटीहून अधिक खारें आणि शिवाय सोड्याच्या पाण्यासारखें बुळबुळीत झालें आहे. आपल्याकडील लोणारचें सरोवर ज्यांनीं पाहिलें असेल त्यांस अशा पाण्याची थोडीबहुत कल्पना येईल. मासा त्यांत जगत नाहीं. मार्क ट्वेन यानें १८७२ सालच्या आपल्या प्रवासवर्णनांत या सरोवराला निर्जीव आणि भकास ठरविलें, तें वरवर पाहणाऱ्यास खरेंहि वाटेल. वस्तुतः त्या पाण्यांत जीवसृष्टीचे प्रकार थोडे असले तरी संख्या अपार आहे. बोटाच्या नखाएवढी एक कोळंबी आणि कांठाशीं काळा पट्टा दिसावा इतक्या दाट बसणाऱ्या क्षारमाश्या, या दोन क्षुद्र जीवांवर तेथील सारा संसार चालतो. सरोवराच्या परिसरांत पिढ्यान् पिढ्या राहिलेले पायूट लोक या माशीचे कोश गोळा करून, वाळवून खात. त्यांच्या एका शाखेचें नांवच या अन्नावरून पडलें आहे. शरद ऋतूंत टिबुकलीच्या कुळांतील पक्षी येथें लाखोंच्या संख्येनें उतरतात आणि दक्षिणेकडील प्रवासापुरती चरबी अंगावर चढवून निघून जातात.

पण आमच्या विषयाशीं ज्यांचा विशेष संबंध आहे ते पक्षी म्हणजे कुरव. पॅसिफिक महासागराच्या किनाऱ्यावर हिंवाळा काढून हे कॅलिफोर्निया जातीचे कुरव वसंतांत पर्वत ओलांडतात आणि पिल्लें वाढविण्यासाठीं या सरोवरावर येतात. एके काळीं त्यांची संख्या पन्नास हजारांच्या घरांत होती. सरोवराच्या मध्यभागीं दोन मोठीं बेटें आहेत: एक पाओहा, फिकट रंगाचें, तळाचा गाळ ज्वालामुखीच्या रेट्यानें वर उचलला जाऊन झालेलें, दुसरें नेगिट, काळ्या लाव्हारसाचें. नेगिटच्या आसपास आणखी कांहीं लहान लहान खडकाळ बेटें आहेत. कुरव झाडावर घरटें बांधीत नाहीं. जमिनीवर उथळ खळगी करून, चार काड्या आणि पिसें पसरून तो अंडीं घालतो. अशा उघड्या घरट्याला एकच तटबंदी असते, ती म्हणजे चोहोंकडचें पाणी. कांठावर कोयोट हिंडत असतो. हा आपल्याकडील कोल्ह्याच्या कुळांतला, पण त्याहून थोराड असा प्राणी. खंदक भरलेला असेपर्यंत किल्ला निर्धास्त असतो. कुरवांचेंहि तसेंच आहे. समुद्राच्या कांठीं अन्नाला तोटा नसतांना इतका लांबचा प्रवास करून ते या उजाड पठारावर कां येतात, याचें उत्तर त्या खंदकांत आणि त्यांतील कोळंबीच्या सांठ्यांत आहे.

आतां हा खंदक कसा आटला तें पाहूं. लॉस अँजेलिस हें शहर मूळचें कोरड्या मुलुखांत वसलेलें. लोकवस्ती वाढूं लागली तसा त्यास दुरून पाणी आणणें भाग पडलें. १९१३ सालीं ओवेन्स नदीचें पाणी कालव्यानें शहरांत आलें, आणि त्यापायीं पुढील दशकांत ओवेन्स सरोवर कोरडें पडलें. तेंहि पाणी पुरेना, तेव्हां शहराची दृष्टि आणखी उत्तरेस, मोनोला मिळणाऱ्या ओढ्यांकडे गेली. डोंगराखालून बोगदा खणून १९४१ सालीं चार ओढ्यांचें पाणी तीनशें मैलांहून अधिक दूर असलेल्या शहराकडे वळविण्यांत आलें. १९७० सालीं दुसरा जलमार्ग तयार झाल्यावर तर ओढ्यांचें बहुतेक सारेंच पाणी तिकडे जाऊं लागलें. शहराच्या एकंदर पुरवठ्याचा सुमारें सहावा हिस्सा त्यांतून भागत असे.

इकडे सरोवराचें उत्पन्न बंद झालें, पण सूर्याचा कर कांहीं थांबला नाहीं. १९४१ सालीं पाण्याची पातळी ६,४१७ फूट होती. १९८२ सालीं ती ६,३७२ फुटांवर आली. पंचेचाळीस फूट पाणी गेलें, सरोवरांतील सांठा निम्म्यावर आला आणि खारेपणा दुप्पट झाला. उघड्या पडलेल्या तळावरचा क्षार वाऱ्याबरोबर उडून आसपासच्या लोकांच्या छातींत जाऊं लागला. आणि नेगिट बेट व उत्तरेचा कांठ यांमधील उथळ भाग हळूहळू वर येऊं लागला. १९७८ सालीं सुरुंग लावून तो फोडण्याचा एक प्रयत्न झाला. तो टिकला नाहीं. १९७९ सालीं कोयोट कोरड्या पायांनीं बेटावर गेले. तीस हजारांहून अधिक कुरव तेथें घरटीं करून होते. त्यांनीं बेट सोडलें. पुढें १९८१ सालीं, न्यायालयाच्या निकालपत्रांत नमूद आहे त्याप्रमाणें, अंड्यांतून निघालेल्या पिल्लांपैकीं शेंकडा ९५ पिल्लें मोठीं होईपर्यंत वांचलीं नाहींत.

या अनर्थाचा अपराधी कोण? हकीकतीचा जों जों शोध घ्यावा तों तों अपराधी हातीं लागत नाहीं, हेंच या प्रकरणाचें मर्म आहे. शहरानें पाणी चोरलें नाहीं. रीतसर अर्ज करून परवाना मिळविला. परवाना देणाऱ्या अधिकाऱ्यांनीं लांच खाल्ली नाहीं. उलट मोनोची शोभा नष्ट होणार याबद्दल त्यांनीं १९४० सालच्या आपल्या निर्णयांत खेद व्यक्त केला, आणि घरगुती वापर हा पाण्याचा सर्वश्रेष्ठ उपयोग होय असें कायदाच सांगत असल्यामुळें आपले हात बांधलेले आहेत असा अभिप्राय दिला. बोगदा खणणाऱ्या मजुरांनीं आपल्या कामाची मजुरी घेतली. लॉस अँजेलिसमधील ज्या गृहिणीनें नळाखालीं पातेलें धरलें तिला कुरव नांवाचा पक्षी आहे हेंहि ठाऊक नसेल. शेवटीं बेटावर जाऊन पिल्लें खाल्लीं तीं कोयोटानें, आणि कोयोटास तर नीतीचें बंधनच नाहीं. साखळींतील प्रत्येक कडी निर्दोष आहे, आणि साखळीच्या टोकाला ओसाड बेट आहे.

आपल्या नीतिकल्पनांचा मोठा भाग हेतूवर आधारलेला असतो. हेतु शुद्ध तर कर्म शुद्ध, असें मानून आपण पुष्कळ वेळां सुटका करून घेतों. मोनोच्या कहाणींत ही कसोटी अपुरी पडते. येथें द्वेष नाहीं, लोभहि फारसा नाहीं. मुलांमाणसांना पाणी मिळावें ही स्वच्छ इच्छा आहे. मग दोष नाहींच असें म्हणावयाचें काय? आमच्या मतें येथें काळाचे दोन भाग करणें जरूर आहे. परिणाम कोणास ठाऊक नव्हता तोंवर जें घडलें त्यास फार तर दुर्दैव म्हणतां येईल. पण परिणाम कळल्यानंतर जो नळ उघडा राहतो तो कोणी तरी उघडा ठेविलेला असतो. १९७६ सालीं कांहीं महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनीं सरोवराच्या कांठीं उन्हाळाभर मुक्काम करून पाणी, कोळंबी, माश्या आणि पक्षी यांची पद्धतशीर मोजदाद केली, आणि पाणी असेंच जात राहिल्यास काय होईल तें पुढच्या वर्षीं लिहून प्रसिद्ध केलें. त्या लहानशा अहवालानें अज्ञानाचा आधार काढून घेतला. ज्ञान हें केवळ भूषण नसून तें एक ओझेंहि आहे. ज्यास कळलें त्याच्या माथीं उत्तर देण्याची जबाबदारी येऊन पडते.

त्या विद्यार्थ्यांच्या मंडळींतूनच पुढें १९७८ सालीं डेव्हिड गेन्स आणि त्याचे सहकारी यांनीं मोनो लेक कमिटी ही संस्था काढली, आणि १९७९ सालीं ऑडुबॉन सोसायटी या जुन्या पक्षिमित्र संस्थेसह शहराविरुद्ध दावा लाविला. हातीं होतें काय? पाण्याचा परवाना शहराचा, धरणें शहराचीं, आणि पक्ष्यांना कायद्याच्या दृष्टीनें कसलाच हक्क नाहीं. तेव्हां त्यांनीं एक फार जुनें तत्त्व पुढें केलें. सहाव्या शतकांत जस्टिनियन बादशहानें रोमन कायद्याचें जें संकलन करविलें त्यांत हवा, वाहतें पाणी, समुद्र आणि त्याचा किनारा हीं निसर्गतःच सर्वांच्या समाईक मालकीचीं आहेत असें सांगितलें आहे. राजसत्ता ही अशा वस्तूंची धनी नसून विश्वस्त आहे, आणि विश्वस्तानें ठेव मोडावयाची नसते, असा विचार या मुळांतून निघून इंग्रजी कायद्यांत आला व तेथून अमेरिकेंत पोंचला. तो बहुतेक नौकानयन, मासेमारी असल्या बाबींपुरता लावीत असत. मोनोच्या वकिलांनीं विचारिलें: हें तत्त्व सरोवराला आणि त्यावर जगणाऱ्या पक्ष्यांना कां लागूं नये?

१७ फेब्रुवारी १९८३ रोजीं कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयानें निकाल दिला. त्या निकालाचा आशय नीट समजून घेण्यासारखा आहे, कारण उत्साही लोक त्याचा अर्थ पक्षी जिंकले आणि शहर हरलें एवढाच करितात. न्यायालयानें शहराचा परवाना रद्द केला नाहीं. लोकांच्या गरजेसाठीं प्रसंगीं निसर्गाची हानि सोसूनहि पाणी घ्यावें लागेल, हेंहि त्यानें मान्य केलें. पण त्याबरोबर असें बजाविलें कीं, पाणी वांटून देतांना या समाईक ठेवीचा विचार करणें व तिची हानि शक्य तेवढी टाळणें हें राज्याचें कर्तव्य आहे. आणि हें कर्तव्य एकदां परवाना दिल्यानें संपत नाहीं. नवें ज्ञान झालें, नव्या गरजा उत्पन्न झाल्या, तर जुना निर्णय पुन्हां तपासावाच लागेल. १९४० सालच्या अधिकाऱ्यांना आपले हात बांधलेले वाटले होते. ते बांधलेले नव्हते आणि पुढेंहि कोणास बांधतां येणार नाहींत, असें त्रेचाळीस वर्षांनीं या निकालानें सांगितलें.

धनी आणि विश्वस्त यांमधील फरक येथें स्पष्ट होतो. धनी आपली वस्तु वापरतो, विकतो, मोडतो. त्यास हिशेब विचारणारा कोणी नाहीं. विश्वस्तहि वस्तु वापरूं शकतो, तिच्यावर आपला चरितार्थहि चालवूं शकतो. पण हिशेबाची वही त्यास रोज उघडी ठेवावी लागते. गांधीजींनीं संपत्तीच्या बाबतींत धनिकांपुढें हीच कल्पना ठेविली होती. आपल्या जुन्या व्यवहारांतहि तिची ओळख आहे. देवस्थानचें इनाम खाणाऱ्या घराण्यानें पिढ्यान् पिढ्या तें खाल्लें तरी देवाचा दिवा विझला तर गांव त्यास जाब विचारीत असे. भोगवटा जुना झाला म्हणून तो मालकींत रूपांतर पावत नाहीं. मोनोच्या पाण्याविषयीं न्यायालयानें जें सांगितलें तें याहून फारसें निराळें नाहीं.

यावर एक आक्षेप येणें स्वाभाविक आहे, आणि तो आम्ही हलका लेखीत नाहीं. शहरांतील मूल तहानलेलें असतां पक्ष्याच्या अंड्यांची चिंता करणें ही पोट भरलेल्यांची भावविवशता नव्हे काय? तराजूच्या एका पारड्यांत मूल आणि दुसऱ्यांत कुरव घातला, तर कोणताहि सहृदय मनुष्य मुलाच्या बाजूनें बोलेल, आणि त्यानें तसें बोललेंच पाहिजे. परंतु तराजूंत खरोखर काय घातलें आहे तें आधीं पाहावें. सहावा हिस्सा पाणी कमी झालें म्हणून शहराच्या ओठांचा पेला रिता राहत नव्हता. रितें राहत होतें तें हिरवळीवरचें शिंपण आणि उधळपट्टीच्या संवयी. त्याची प्रचीति पुढें आलीच. १९९० नंतरच्या वर्षांत लॉस अँजेलिसच्या पूर्व भागांतील श्रमिक वस्तींतील स्त्रियांच्या एका संघटनेनें घरोघर जाऊन थोड्या पाण्यांत भागणारीं शौचपात्रें वांटण्याचें काम हातीं घेतलें. शहरानें वापरलेलें पाणी शुद्ध करून पुन्हां उपयोगांत आणण्याच्या योजना आंखल्या. आज त्या शहराची वस्ती १९७० च्या मानानें दहा लाखांहून अधिक वाढलेली असूनहि एकूण पाणी त्या वेळेपेक्षां अधिक लागत नाहीं. मूल तहानलेलें राहिलें नाहीं. मुलाचें नांव पुढें करून जी गरज मांडली जाते तिच्या आड पुष्कळदां मोठ्या माणसांची सोय उभी असते.

या लढ्यांतील आणखी एक गोष्ट आम्हांस विशेष मोलाची वाटते. मोनो वांचावें म्हणून दुसऱ्या एखाद्या नदीचें पाणी शहराला द्यावें, ही सोपी वाट कमिटीनें पत्करली नाहीं. आपल्या दारांतला कचरा शेजाऱ्याच्या दारांत लोटणें म्हणजे स्वच्छता नव्हे, हें तत्त्व तिनें पाळलें. शहराची गरज खरी आहे हें मान्य करून, ती भागविण्याचा मार्ग शहराबरोबर बसून तिनें शोधिला. प्रतिपक्षाची गरज खोटी ठरविल्यावांचून आपली बाजू मांडतां येणें ही नीतीच्या वादांत दुर्मिळ गोष्ट आहे.

दुसरा आक्षेप याहून सूक्ष्म आहे. हा कुरव कांहीं दुर्मिळ पक्षी नव्हे. अमेरिकेच्या पश्चिम भागांत अन्यत्रहि त्याच्या वसाहती आहेत. शिवाय सृष्टींत मरण रोजचेंच आहे. कोयोटानें पिल्लू खाल्लें, यांत अनीति कसली? आम्ही म्हणतों, कोयोटाच्या खाण्यांत कांहींच अनीति नाहीं. परंतु कोयोटास बेटावर जाण्याची वाट कोणीं करून दिली? पक्षी आणि श्वापद यांच्यामध्यें जो करार निसर्गानें हजारों वर्षांत घडविला होता, त्यांतील खंदकाचें कलम आपण खोडलें. जो मध्यें हात घालितो त्यास मग ही तर सृष्टीची रीत आहे असें म्हणून बाजूस होतां येत नाहीं. आणि दुर्मिळतेविषयीं म्हणावयाचें तर, एखाद्या जीवाचे शेवटचे शंभर उरल्यावरच त्याची दया करावयाची असा नियम केल्यास प्रत्येक जीवास दयेस पात्र होण्यासाठीं आधीं मरणाच्या दारापर्यंत जावें लागेल.

आमच्या परंपरेंत गृहस्थाच्या नित्य कर्तव्यांत पंचमहायज्ञ सांगितले आहेत; त्यांतील भूतयज्ञ म्हणजे इतर प्राणिमात्राचा वांटा आपल्या अन्नांतून आधीं बाजूस काढून ठेवणें. काकबळी ठेवणारी आजी कावळा दुर्मिळ आहे कीं नाहीं याची चौकशी करीत नसे. तिच्या कृतींत भूतदया होती, पण दयेहून अधिक असें ऋणाचें भान होतें. दया ही देणाऱ्याच्या मर्जीवर अवलंबून असते; ऋण हें फेडावेंच लागतें. मोनोच्या बेटावरील कुरवांचा आमच्यावरील अधिकार या दुसऱ्या प्रकारचा आहे असें आम्हांस वाटतें. ते सुंदर आहेत, उपयोगी आहेत किंवा थोडे उरले आहेत, यांपैकीं एकहि कारण नसलें तरी तो अधिकार उरतो. कारण त्यांचा वांटा त्यांच्या पानांतून आपण उचलला आहे.

ऋण फेडणें मात्र कागदावर लिहिण्याइतकें सोपें नसतें. निकालानंतर आणखी अकरा वर्षें झगडा चालला. १९९४ च्या सप्टेंबरांत राज्याच्या जलमंडळानें सरोवराची पातळी ६,३९२ फुटांपर्यंत वाढूं द्यावी असा हुकूम दिला, आणि तोंवर शहरानें घ्यावयाच्या पाण्याला कडक मर्यादा घातली. सुमारें वीस वर्षांत तेवढें पाणी जमेल असा अजमास होता. २०२४ सालीं त्या हुकुमास तीस वर्षें झालीं, तरी तो आंकडा सरोवरानें एकदांहि गांठला नव्हता. मध्यंतरीं अवर्षणाचीं वर्षें येऊन गेलीं. २०१७ सालीं जमिनीची पट्टी पुन्हां डोकें वर काढूं लागली तेव्हां कोयोटांना अडविण्यासाठीं त्या उघड्या तळावर विजेच्या तारांचें तात्पुरतें कुंपण घालावें लागलें. पुढें भरपूर बर्फ वितळून पाणी चढलें आणि तो मोसम निभावला. पुढें कुरवांच्या लहान बेटांवर बाहेरून आलेलें एक तण इतकें माजलें कीं पक्ष्यांना घरटें करावयास मोकळी जागा उरेना. २०२० सालीं, पक्षी परतण्यापूर्वीं, भर हिंवाळ्यांत तेथें जाऊन तें जाळावें लागलें. दरवर्षीं कोणी तरी जाऊन घरटीं मोजतें. नेगिटवर पूर्वीची गजबज परत आलेली नाहीं. बहुतेक कुरव शेजारच्या छोट्या खडकांवर दाटीवाटीनें संसार मांडतात. पाणी परत देतां येतें, पण पक्ष्याचा मोडलेला विश्वास हुकुमानें परत येत नाहीं. म्हणून विश्वस्तपण ही निकालाच्या दिवशीं डोक्यावर चढविण्याची पगडी नसून रोज कमरेला बांधावयाचा पंचा आहे. कुंपण घालणें, तण उपटणें, पातळी मोजणें, आणि पाऊस थोडा झाला त्या वर्षीं आपल्या हक्काच्या पाण्यांतूनहि थोडें कमी घेणें, असें त्याचें अगदीं साधें स्वरूप आहे.

ही सर्व दूरदेशची गोष्ट, तिचें आम्हांस काय, असें कोणी म्हणेल. १९९६ च्या डिसेंबरांत हिमाचल प्रदेशांतील बियास नदीच्या कांठच्या जमिनीविषयींच्या एका प्रकरणांत आपल्या सर्वोच्च न्यायालयानें हेंच विश्वस्ततेचें तत्त्व या देशाच्या कायद्याचा भाग असल्याचें जाहीर केलें, आणि तसें करितांना मोनो सरोवराच्या निकालाचा विस्तारानें ऊहापोह केला. तेव्हां त्या काळ्या बेटावरील कुरवांनीं आपल्या नद्यांच्या बाजूनेंहि साक्ष दिली आहे असें म्हणण्यास हरकत नाहीं. पण कायद्याहून जवळची गोष्ट आपल्या स्वयंपाकघरांतली आहे. मुंबईचा नळ सोडला म्हणजे जें पाणी येतें त्यांतलें पुष्कळसें तानसा आणि भातसा यांसारख्या शहापूर तालुक्यांतील जलाशयांचें असतें; आणि त्याच तालुक्यांतील कित्येक पाडे उन्हाळ्यांत टँकरची वाट पाहत बसतात. तेथें तर मुकीं पाखरें नसून बोलतीं माणसें आहेत. तीं बोलत असूनहि आपल्या कानांपर्यंत त्यांचा शब्द पोंचत नसेल, तर कुरवांच्या मुकेपणाला दोष देण्यांत अर्थ नाहीं.

मग सुशिक्षित गृहस्थानें करावें तरी काय? नळ बंद करून तहानलेलें राहावें असें आम्ही सांगत नाहीं. तसें केल्यानें मोनोचें अगर शहापूरचें पाणी एका बोटानेंहि वाढणार नाहीं. आमचें म्हणणें एवढेंच आहे कीं, जें आपण घेतों तें कोठून येतें हें माहीत करून घेण्याचें कर्तव्य घेणाऱ्याचें आहे, देणाऱ्यानें ओरडून सांगण्याची वाट त्यानें पाहूं नये. माहिती झाल्यावर, हा माझा हक्क आहे, परवाना माझ्यापाशीं आहे, या उत्तरानें वाद संपत नाहीं. हक्क असूनहि हिशेब द्यावा लागतो. किंबहुना ज्याला हक्क आहे त्यालाच हिशेब विचारतां येतो. मोनोच्या कांठीं १९४० सालीं ज्यांनीं खेद व्यक्त करून सही केली त्यांचा खेद खरा होता यांत आम्हांस संशय नाहीं. परंतु त्या खेदानें एकहि पिल्लू वांचलें नाहीं. छत्तीस वर्षांनीं कांहीं तरुण हातांत वही घेऊन कांठावर बसले आणि घरटीं मोजूं लागले, तेव्हां कोठें त्या पिल्लांच्या वांट्याचें पाणी परत येण्यास आरंभ झाला.